वास खरा असेल तर

माझ्या पोरीनं भर वर्गात श्वास धरला आणि ओठ निळे पडायची वेळ आली तरी सोडेना, म्हणून तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. पोरगी दुसरीत आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात खिचडीचं सिलिंडर बदलत होते, थोडा गॅसचा वास वर्गापर्यंत आला, एवढंच निमित्त. हिनं नाक दाबलं, गाल फुगवले, खुणा करून शेजारच्या पोरींना नाकं धरायला लावली आणि सगळ्यांना रांगेनं मैदानात नेलं. बाई हसत होत्या. पोरगी पुढारी होणार तुमची, म्हणाल्या. मैदानात गेल्यावर बाकीच्या पोरींनी श्वास सोडला आणि हिनं सोडलाच नाही, हे मात्र त्यांनी मी उठायला लागल्यावर सांगितलं.

घरी येताना मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मला वाटलं, मोबाईलवरचं काहीतरी निघेल आणि तो बंद केला की प्रश्न मिटेल. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी येडबिड तर नाही ना.

"तूच करतीस की मम्मी. घरात आल्या आल्या करतीस. मी बघती ना."

मी तिच्यावर खेकसले. दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. मग तशीच गाडी घरापर्यंत आणली.

मी कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आलेल्या मालाचा नमुना काढायचा, तपासायचा, पास की नापास ते सांगायचं. माहेर शिरूरकडचं. आजोबांपर्यंत आमचे सगळे मेंढरांमागं फिरले, वडिलांनी जमीन कसायला घेतली आणि मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. सासर खुटबावला, गुलछडी आणि भाजीपाला करणारं. मेंढरं सुटली तरी माझ्या पायाची भिंगरी काही सुटली नाही. बसून जेवणं मला जमत नाही, उभ्यानं चहा पिते, आणि कुणाचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं म्हणजे माझ्या अंगावर येतं. त्यात खोट काढायची खोड. सासूबाई म्हणतात, देवानं सगळ्यांना नाक श्वास घ्यायला दिलं, हिला तेवढं खोट काढायला दिलंय.

झालं होतं ते असं. एका दुपारी सॅम्पलिंग रूममध्ये मी सॉल्व्हंटच्या ड्रमचं झाकण काढलं आणि नळी आत सोडली, तेवढ्यात वरचा एक्झॉस्ट बंद पडला. मला वाटलं, एवढा नमुना काढून घेऊ आणि मग बाहेर जाऊ. डोकं हलकं झालं, कानात घुंई सुरू झाली आणि भिंत माझ्याकडं यायला लागली. दारातल्या हेल्परनं दंडाला धरून बाहेर ओढलं. तासाभरात मी कँटीनमध्ये चहा पीत होते. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि सगळ्यांना हसत हसत तो किस्सा सांगितला.

मग बऱ्याच दिवसांनी, सगळं विसरल्यावर, सुरू झालं. चौफुल्याला कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते, समोरून गेलेल्या ट्रकच्या डिझेलचा वास आला आणि छाती अशी धडधडायला लागली की आता मी हितंच रस्त्यावर पडते आणि मरते. हाताला मुंग्या आल्या, जीभ कोरडी पडली. वास आला की काय करायचं हे आमच्या अंगात मुरवलेलं असतं. श्वास धरायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं. आमच्या कंपनीच्या छपरावर वारा दाखवणारी कापडी पिशवी असते, ड्रिलच्या वेळी सगळे माना वर करून तिच्याकडं बघतात. मी चौफुल्याला श्वास धरला. तो बस येईपर्यंत धरला आणि सोडला, पुन्हा धरला.

तिथून ते घरात आलं. खुटबावला आमच्या दाराशी आले की मी आधी दोरीवरची लुगडी कुठल्या अंगाला उडतायत ते बघायची. मग श्वास धरून आत जायचं, गॅसचा कॉक बघायचा, मोरीतलं फिनेल बघायचं, मालकांनी फवारणीचा पंप कुठं ठेवलाय ते बघायचं आणि मग मागच्या दाराशी जाऊन श्वास सोडायचा. कुणाच्या लक्षात येत नाही असं मला वाटत होतं. शेवटी तर गुलछडीसुद्धा सोसेना. सकाळी तोडलेल्या फुलांची क्रेट ओसरीत आली की सगळ्या बायका म्हणतात, काय घमघमाट सुटलाय. मला त्या घमघमाटात प्रयोगशाळेतल्या बाटल्या दिसायच्या.

त्या क्रेटपाशीच एकदा मी खाली बसले ते मला उठताच येईना. श्वास आत जाईना. हात वाकडे व्हायला लागले. सासूबाईंनी हाक मारली आणि आसपासच्या वस्तीवरच्या बाया धावत आल्या. आमच्याकडं चक्कर आलेल्या माणसाला कांदा फोडून हुंगवायचा, फिट वाटली तर चप्पल. माझं नक्की काय आहे यावर एकमत होईना, म्हणून दोन्ही आणली. चुलतसासूबाईंनी एका हातानं माझं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं फोडलेला कांदा नाकाशी दाबला. शेजारीणबाईंनी खालून चप्पल लावली, ती शेणातनं आलेली. आणि ज्या बाईचा जीव वासानंच चालला होता, त्या बाईला सगळ्याजणी मिळून सांगत होत्या, "वढ, जोरात वास वढ." मी हात झटकायला लागले तर म्हणाल्या, धरा गं हिला, अंगात लई जोर आलाय. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, पण हितं तर दुखणंच इंजेक्शनानं झालं होतं. पोरगी दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून हे सगळं बघत होती.

दौंडच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, थायरॉईड बघितलं, रक्त बघितलं. सगळं मर्यादेत. कागदावरचे आकडे मीही तपासले आणि मलाच पास करावं लागलं, याचा फार राग आला. डॉक्टर म्हणाले, हा पॅनिकचा प्रकार आहे, आमच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून एकदा पुण्याहून समुपदेशक येतात, त्यांना भेटा. मी बरं म्हणाले आणि गेले नाही. सॅम्पलिंगचं काम एका सहकाऱ्याशी बदलून घेतलं आणि चालवलं तसंच. माणूस कशालाही सरावतो आणि मला वाटत होतं, हे माझं मी सोसतेय, कुणाचं काय जातंय.

शाळेतून आल्यावर मला कळलं, कुणाचं काय जातंय. सासूबाईंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "खाण तशी माती." त्या टोचून बोलल्या नव्हत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मालकांना मी सांगितलं, मी दौंडला वरच्या मजल्यावर जाते. ते म्हणाले, "म्या सोडतो गाडीवर. पर नोकरी सोड म्हनून न्हाई म्हननार. पोरीचं तेवढं बघ." मला पोरीचंच बघायचं होतं. माझी भीती तिच्या अंगात रुजायच्या आत मला ती माझ्यातून उपटायची होती, आणि लवकर उपटायची होती, कारण हळूहळू काही करणं मला येत नाही.

समुपदेशक मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान निघाल्या, तिथंच निम्मा विश्वास गेला. खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल. खिडकीतून स्टेशनवरच्या सूचना ऐकू यायच्या, अमुक गाडी अमुक फलाटावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आपण एक छोटा सराव करू, डोळे मिटा आणि श्वासाकडं लक्ष द्या. तो बदलायचा नाही, चांगला-वाईट म्हणायचं नाही, नुसता बघायचा.

असलं काही मी आधी एकदा केलं होतं. कंपनीनं कँटीनमध्ये मनःशांतीचा कार्यक्रम ठेवला होता. टेबलं बाजूला सारून सतरंज्या टाकल्या, मंद संगीत लावलं आणि रात्रपाळी करून आलेले लोक पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. ट्रेनर खूश होऊन म्हणाला, बघा, किती खोल ध्यान लागलंय. तेव्हापासून शांत व्हा असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तरी मी घरी रोज बसायची. ओसरीत, भिंतीला पाठ लावून. आणि मला जे येतं तेच मी केलं. आमच्या खात्यात बघणं म्हणजे दोष शोधणं. नुसतं बघून कुणी पगार देत नाही. मी एक श्वास आत घ्यायची आणि तो तपासायची. पुरेसा खोल होता का? आतून काही वास आला का? हा बरा होता, पास. पुढचा जरा अडखळला, नापास. त्याच्या पुढचा घेऊ की नको अशा विचारातच अर्धवट गेला, तोही नापास. एकामागून एक माल परत जायला लागला की छाती धडधडायला लागायची, मग मी उठून वाड्याकडच्या विहिरीपर्यंत तरातरा चालत जायची आणि परत यायची. पोरगी अभ्यास सोडून माझ्याकडं बघत बसायची. मी डोळे मिटले की तिचेही गाल फुगायचे.

पुढच्या वेळी मॅडमनी माझ्या तळहातावर एक बेदाणा ठेवला. हा पदार्थ आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजा, म्हणाल्या, आणि काय दिसतं ते सांगा. एवढं तर मला झोपेतही येतं. रंग पिवळसर हिरवा, मी म्हणाले. आकार असमान. एका टोकाला देठाचा तुकडा. वरून तेलकट थर. मॅडम मान हलवत होत्या, त्यांना ते आवडत असावं. मग म्हणाल्या, आता वास घ्या. मी नाकाशी नेला आणि मला गंधक लागलं. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं नाकाला लवकर सापडतं. माझा श्वास बंद झाला.

"आत्ता काय झालं?" त्यांनी विचारलं.

"माल नापास," मी म्हणाले.

त्या हसल्या. मोकळेपणानं हसल्या, आणि मी मात्र उठून उभी राहिले. इतक्या दिवसांचं सगळं तोंडावर आलं आणि माझी एम.एस्सी. कुठल्या कुठं गेली, गावचंच बोलणं बाहेर पडलं. म्हणाले, "तुमी म्हंता श्वासाकडं बघा. आमच्याकडं श्वासाकडं कवा बघत्यात ठावं हाय का? काहीतरी फुटल्यावर. एरवी कुणाला आठवतोय त्यो? आन् मी बघत बसले, आन् वास खरा असंल तर?"

खाली कुठली तरी गाडी उशिरानं धावत असल्याचं सांगत होते. मॅडमनी मला बसा म्हटलं नाही, त्या स्वतः उभ्या राहिल्या.

"खरा असेल तर पळा," त्या म्हणाल्या. "पळायला तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी त्याच्या आधीचं विचारतेय. वास आला आणि तो खरा आहे की नाही हे अजून कळलं नाही, तेवढ्यात तुमच्या अंगात काय काय होतं, ते तुम्ही कधी थांबून पाहिलंय का?"

मी नाही म्हणाले. तेवढा वेळच कुठं असतो.

मग त्यांनी कबूल केलं, की श्वासापासून सुरुवात करायला नको होती. बहुतेकांना श्वास जवळचा वाटतो म्हणून तिथून सुरू करतात, पण ज्याला श्वासातच धोका भेटलाय त्याला तिथं बसवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात टाकणं. फुफाटा हा शब्द माझा, त्या काहीतरी सभ्य बोलल्या. आणि हे शांत होण्यासाठी नाहीच, असंही म्हणाल्या. भीती आली की ती कुठं येते, पोटात की घशात, वाढते कशी, तिच्याशी मारामारी केली नाही तर पुढं तिचं काय होतं, हे अंगातच बघायचं. एवढं जमलं की मग उपचाराचं पुढचं काम, ज्याला घाबरता त्याच्या थोडं थोडं जवळ जायचं. नुसतं डोळे मिटून बसल्यानं भीती बरी होत नाही, आणि बघायला शिकल्याशिवाय जवळ गेलात तर परत पळून याल. मला हे पटलं, कारण यात शांती हा शब्द नव्हता.

श्वासाऐवजी त्यांनी मला पाय दिले. उभं राहायचं आणि तळपायाला काय लागतंय ते बघायचं. कंपनीत सेफ्टी शूजमध्ये अंगठ्याला लोखंडी टोपी लागते, डावा बूट टाचेला चावतो. घरी बांधावर अनवाणी उभं राहिलं की ओली माती बोटांत येते, गुलछडीच्या वाफ्यातली जरा गार. पाय काही पास-नापास करण्यासारखे नाहीत, ते नुसते असतात, म्हणून तिथं माझं थोडं जमलं. आधी बांधावर, मग क्रेटच्या शेजारी, मग रॉकेलचा बोळा ओसरीच्या टोकाला ठेवून. जिना भरभर चढायचा आणि छाती धडधडायला लागली की तिथंच उभं राहायचं, हीच ती धडधड, मरायची नाही, जिन्याची. मी चिडत होते, मधेच सोडून देत होते, पुन्हा करत होते. पायांकडं बघता बघता बाजाराचा हिशेब डोक्यात यायचा. मॅडम म्हणायच्या, आलं ते लक्षात आलं ना, तेवढंच काम. तेवढंच काम असं म्हणून मी आमच्या साहेबांना एखादा रिपोर्ट दिला असता तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

दिवाळीला पोरीला घेऊन माहेरी गेले. मला आता बरं वाटायला लागलंय, घरात शिरताना मी दोरीवरची लुगडी रोज बघत नाही, याची मला जरा मिजासही आली होती. न्हावऱ्यावरून शिरूरला जाईपर्यंत मी आबांना काय काय सांगायचं ते ठरवत होते. आबा म्हणजे माझे वडील. पोचले तर त्यांना आधीच सगळं ठाऊक. सासूबाईंनी फोनवर सांगितलं असणार, पण दुखणं म्हणून नाही, कौतुक म्हणून. नातीचा दम मोठा आहे.

भाऊबीजेच्या दिवशी ओसरीत पाहुणे बसले होते. मी आत करंज्या ताटात काढत होते. बाहेरून आबांचा आवाज आला, दाखव गं बाळ, कसा धरतीस. आमच्याकडं लेकराला काही येत असलं की ते पाहुण्यांपुढं करून दाखवायचं असतं. कुणी पाढे म्हणतं, कुणी नाचतं. मामा लोक टाळ्या वाजवून मोजायला लागले. मी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा पोरगी सगळ्यांच्या मधोमध उभी होती, गाल फुगलेले, डोळे मोठे, आणि ती कुणाकडंच बघत नव्हती. मोजणं वाढत होतं. मी हाक मारेपर्यंत तिचे गुडघे मोडले आणि ती सतरंजीवर बसली, बसली म्हणजे पडलीच. लगेच कुणीतरी कांदा आणायला आत पळालं.

मी त्या दिवशी आबांना जे बोलले ते आमच्या घरात कधी कुणी कुणाला बोललं नव्हतं. ते खाली मान घालून ऐकत होते. "आगं, म्हंजी खेळ वाटला मला," एवढंच म्हणाले. त्यांना खेळ वाटला यात त्यांची काय चूक. मी पोरीला मांडीवर घेऊन बसले आणि तिला विचारलं, सोडला का नाहीस? ती म्हणाली, सगळे बघत होते. मग म्हणाली, आणि तू अजून बाहेर आली नव्हतीस. तेव्हा मला ते नीट समजलं नाही. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, की मी तिकडं बांधावर पायांकडं बघत बसले आणि दुखणं माझ्यातून निघून पोरीत जाऊन बसलं.

दिवाळीनंतर मी तिला दौंडला बरोबर नेलं. मॅडमनी तिच्याशी चित्रं काढत गप्पा मारल्या, कंटाळा येईल इतका वेळ. मग तिला खाली डॉक्टरांच्या नर्सपाशी बसवून मला विचारलं, "वास आला का असं ती विचारते, तेव्हा तुम्ही तिला काय सांगता?"

"काही नाही, असं सांगते. काही नाही गं बाळा, कुठला वास."

"आणि तेव्हा तुमचं तोंड कसं असतं?"

माझं तोंड कसं असतं ते मला ठाऊक होतं.

त्या म्हणाल्या, "तिला वास येतो, तुम्ही घाबरलेल्या दिसता, आणि काही नाही असंही म्हणता. मग तिनं कशावर विश्वास ठेवायचा? ती तुमच्या शब्दांवर ठेवत नाही, एवढंच." तिला श्वास घे, सोड, असं सांगू नका, म्हणाल्या. तुमच्या अंगात काय चाललंय ते तिला खरं सांगा, आणि मग तुम्ही काय करता ते तिला बघू द्या. मला वाटलं, यापेक्षा रॉकेलचा बोळा बरा. लेकराला कुणी सांगतं का, की मला भीती वाटतेय? आमच्यात तर आई म्हणजे घराची मेढ, छप्पर पेलणारा खांब. मेढच हलतेय म्हटल्यावर लेकरानं झोपायचं कुठं?

परतताना मी नेहमीसारखी पाटसच्या रस्त्यानं निघाले. कंपनीत मी रोज जाते ते बसच्या बंद काचेआडून, पण पोरीला घेऊन कुरकुंभवरून जायचं नाही, हा नियम मी कधीचाच करून ठेवला होता. थोडं पुढं गेलो तर गाड्यांची रांग. उसाची ट्रॉली उलटली होती, रस्ताभर ऊस, आणि ट्रॅक्टरवाले काठ्या घेऊन लोकांना मागं फिरवत होते. "कुरकुंभवरनं जावा ताई, हितं रात व्हईल." ऊन उतरायला आलं होतं. मी थोडा वेळ तशीच गाडी चालू ठेवून उभी राहिले, मग वळवली.

एमआयडीसीच्या कडेला आल्यावर वारा पडलेला होता आणि वास आला. खरा वास. आंबूस, गोडसर, घशाला चिकटणारा, त्या बाजूच्या सगळ्यांना ओळखीचा असलेला. पोरीचे हात माझ्या कमरेभोवती होते आणि तिचं पोट माझ्या पाठीला टेकलेलं होतं. इतका वेळ ते वर-खाली होत होतं, ते थांबलं. मला ते पाठीला स्पष्ट कळलं. माझ्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळायला लागली. जोरात पिळली असती तर चार मिनिटांत आम्ही हायवेला लागलो असतो, वासाच्या बाहेर.

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही पाय खाली टेकवले. डांबर, खडी, डाव्या चपलेखाली एक मोठा खडा. समोर हातगाडीवर एक माणूस भजी तळत होता. पाळी सुटलेली चार पोरं हिंदीत कशावरून तरी भांडत होती. कुणी पळत नव्हतं. हे सगळं मी मुद्दाम एकेक करून बघितलं, आणि छातीची धडधड तरीही तशीच चालू होती.

"वास येतोय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "मला पन येतोय. रोज येतो हितं. माझ्या छातीत धडधडतंय, हात गार पडल्यात. मला भ्या वाटतंय. पर ही बघ, मानसं हितंच हायेत, भजी खात्यात. पळायसारखं काय न्हाई."

मी मान वळवली. तिनं नाक दाबून धरलं होतं, गाल फुगलेले, डोळे माझ्या तोंडावर. मॅडमनी सांगू नका म्हटलं होतं तेच मी सांगितलं. सोड, म्हणाले. घे बाळा श्वास, काही होत नाही. तिनं मान हलवली. मग तोंडातली सगळी हवा एकदम फूकन सोडून, पुन्हा ओठ मिटायच्या आत, ती घाईघाईनं बोलली.

"तू आधी घे."

मी एवढं सगळं बोलले होते ते वरच्या वर, उरलेल्या हवेवर. आत श्वास मी घेतलाच नव्हता. आणि ते तिला पाठीवरून कळत होतं, मला तिचं कळत होतं तसंच. आजच नाही, रोज, मी घरात शिरले की रोज. इतके दिवस मला वाटत होतं ही माझी नक्कल करते. ती नक्कल करत नव्हती. ती माझ्यासाठी थांबत होती. माझा सुटल्याशिवाय तिचा कसा सुटेल, म्हणून थांबत होती. मला त्या रस्त्यावर मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण रडायलाही आधी श्वास घ्यावा लागतो.

मी घेतला. तो घाण वास सगळाच्या सगळा आत गेला, घशाला खवखवलं, मी खोकले. छाती धडधडतच होती. पुन्हा घेतला. मागं ती अजून गच्च बसलेली. तिनं माझ्या पाठीवर कान टेकवला, आणखी एक ऐकून घेतला, आणि मग तिचा सोडला.